करपलेलं

शाळेच्या पडवीत, दिवाळीच्या सुटीत,
आम्ही खापरं धुतो.
मी चित्रं काढायला आलेली,
अनसूया वासावे रोजंदारीवर:
एक बादली, जुना दातांचा ब्रश, दुपारी चहा.
खाली खाडी ओहोटीला लागलेली.

साहेबांच्या वहीत सगळं जागच्या जागी.
थर चौथा, खोली एक मीटर दहा,
हाताने थापलेलं, भरड, चाकाच्या आधीचं.
अनसूयाबाई तुकडा कानाशी नेतात, नखाने वाजवतात,
जिभेचं टोक लावतात (मी दुसरीकडे बघते)
आणि म्हणतात,
"मातीत शिंपल्यांचा कूट हाय.
नुसत्या मातीचं मडकं पहिल्या जाळाला तडाकतं.
हिला म्हाईत होतं."

हिला.
साहेब म्हणतात 'तो समाज', मी लिहिते 'संभाव्य वापर',
आणि ह्या पहिल्या दिवसापासून
शेजारच्या वाडीतल्या कुणाबद्दल बोलावं तसं, 'हिला'.

काजळी एकाच अंगाला आहे.
"ही बाजू डोंगराकडं व्हती.
दुपारचा खारा वारा सुटला का जाळ तिकडं झुकतो.
माझ्या टोपाचं बूड बघ येऊन."
बघितलं. तसंच होतं.
वहीत लिहायचं धाडस झालं नाही.

खालच्या, पाचव्या थरात मडकंच नाही.
भाजून लाल झालेले गोटे, एक उथळ खड्डा,
आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या,
इतक्या, की फावडं खणखणतं.
मी कागदावर समजावून सांगते:
गोटे तापवायचे, वर ओला पाला, पाल्यात मासळी,
वरून माती लोटायची.
त्या बराच वेळ चित्र बघतात.
"म्हंजे रस नव्हता गो तेव्हा.
सगळं कोरडं.
मग दात पडलेल्यांनी काय खाल्लं?"

वीस वर्षं हा विषय शिकतेय.
कोरडं, हा शब्द कुठल्याच तक्त्यात नव्हता.
मी पुन्हा वर येते, चौथ्या थरात,
जिथे कुणीतरी पहिल्यांदा
पाणी आगीवर ठेवून दाखवलं,
आणि बोळक्या तोंडासाठी
वाटीभर आंबट, गरम, पातळ
असं काहीतरी जगात आलं.

चौथ्या दिवशी तो तुकडा निघाला.
आतून काळा, साल धरलेला, बोटाएवढा जाड.
साहेब हरखले. हातमोजे, चिमटा, पिशवी,
पिशवीवर आकडे. प्रयोगशाळेत कळेल
मासा होता की कंद, आणि किती हजार वर्षं.
अनसूयाबाईंनी नुसतं वाकून पाहिलं.
"करपलाय."

आणि मला एकदम हसू आलं,
मग आलं नाही.
जे जे नीट शिजलं ते खाल्लं गेलं,
बोटं चाटली, मडकं विसळलं, संपलं.
हजार रात्रींची चांगली जेवणं
मागे काहीच ठेवून गेली नाहीत.
आमच्या हाती लागला तो
एकच बिघडलेला दिवस.

"लक्ष नसंल तिचं," मी म्हटलं.
ब्रश थांबला.
"लक्ष नाय कसं? एवढं मडकं केलंन,
कूट चाळून घातलान, वारा बघून बसली.
उठायला लागलं असंल तिला चुलीवरनं."
खाडीच्या तोंडाशी, जिथे पाणी फुटतं,
तिकडे त्यांनी एकदा पाहिलं.
"कोण यायचं ऱ्हायलं असंल."

मी विचारलं नाही.
त्यांनी सांगितलं नाही.
फॉर्मवर रकाने होते: रंग, पोत, जाडी, अवशेष.
अवशेषापुढे मी लिहिलं, करपलेलं अन्न,
आणि त्यापुढे रकाना नव्हता.

ऊन शाळेच्या कौलांवरून उतरलं.
साहेब गाडीत पेट्या मोजत होते.
अनसूयाबाईंनी उरलेली खापरं
गोणपाटावर वाळत मांडली,
एकूणएक पालथी,
रात्री भांडी घालतात तशी.