आवश्यक रकाना

पहिल्या वर्षी वर्ना ह्रिंकिवने मला खुर्ची दिली नाही.
काउंटरच्या अलीकडे उभ्याउभ्याच मी
नव्या आवृत्तीचं गुणगान केलं:
मालमत्ता कर, पाण्याची मीटरं, कुत्र्यांचे परवाने,
बर्फ ढकलणाऱ्या माणसांच्या पाळ्या,
सगळं एका पडद्यावर.
ती म्हणाली, "तुझ्याआधीचाही हेच म्हणायचा.
काय नाव होतं रे त्याचं?"
मला माहीत नव्हतं.
आणि ते तिला माहीत होतं.

रेजायनाहून एल्क स्लू तीन तास.
कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक गावासमोर एक रंग:
हिरवा म्हणजे खूश, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे धावा.
चारशे बारा माणसं, सहा सभासद, एक वर्ना.
दर तिमाहीला मी पिवळा भरायचो
आणि गाडीत स्वतःलाच बजावायचो,
नाती वाढव बाबा, नाती वाढव,
जसं कुणी म्हणावं, दाढी वाढव.

दुसऱ्या वर्षी खुर्ची.
तिसऱ्या हिवाळ्यात, उणे चौतीस असताना,
तिने खिडकीच्या फटीतून
नारिंगी वायर सोडली माझ्या गाडीसाठी.
इकडे इंजिनालासुद्धा ऊब पाजावी लागते,
नाहीतर ते मिठाची गुळणी धरून बसतं.
"वीज गावाची आहे," ती म्हणाली, "जपून तापव."
त्या तिमाहीला मी हिरवा भरला.
कारणाच्या रकान्यात वायर कशी लिहिणार,
म्हणून लिहिलं: समाधानकारक संवाद.

मग एकदा, काहीतरी दुसरंच दाखवताना,
दफनभूमीची यादी उघडली गेली
आणि बघतो तर एकोणीस माणसं
एकाच दिवशी मेलेली.
एक जानेवारी, एकोणीसशे.
"अगं, हे काय? साथ आली होती का?"
वर्ना बराच वेळ स्टेपलरची उघडझाप करत राहिली.
"पोरं आहेत ती. काही पाळण्यातली,
काही त्याच्याही आधीची.
तारीख कुणी लिहून ठेवली नाही. नावंही नाहीत सगळ्यांना.
तुझा तो लाल तारा तारखेशिवाय पुढे जाऊ देत नाही.
काहीतरी घालावंच लागतं."
मग म्हणाली,
"गाव तरी कुठे होतं एकोणीसशेत."

मी विनंती नोंदवली: मृत्युदिनांक कोरा ठेवू द्यावा.
उत्तर आलं: एकाच ग्राहकाची गरज. प्राधान्य कमी.
पुन्हा नोंदवली. पुन्हा तेच.
प्रोग्रामर अंजेलिक बोशांच्या खनपटीला बसलो,
ती डब्यातून मान वर न करता म्हणाली,
कोरा म्हणजे राहून गेलं
आणि कोरा म्हणजे ठाऊकच नाही,
यातला फरक यंत्राला कसा सांगू?
मी म्हटलं, मलाही सांगता येत नाही. एल्क स्लूला चल.
ती आली नाही.
पण चौदा महिन्यांनी तारा गेला.

वर्नाने एकोणीस तारखा एकेक करून पुसल्या.
मी शेजारच्या खुर्चीत.
आभारबिभार काही नाही.
निघताना बीटच्या लोणच्याची एक बरणी,
झाकणावर मागच्या वर्षाची चिठ्ठी.

यंदा फेब्रुवारीत सभासदांनी स्वस्तातली निविदा घेतली,
चार विरुद्ध दोन.
त्यांचंही बरोबर, हॉकीच्या मैदानाचं छप्पर गळतंय.
वर्नाचा फोन आला:
"नव्या लोकांकडे जाताना
माझे कोरे कोरेच जातील ना?"
तक्त्यात गाव आता करडं. करड्या गावाला
पेट्रोलचा खर्च मिळत नाही.
गेलो. फाइल दोघांनी मिळून तपासली,
मी क्रमांक वाचायचो, ती रकाना बघायची.
"नाही."
"नाही."
"याचंही नाही."
बाहेर अंधार पडला, मी कोट चढवला,
ती म्हणाली, "रस्त्यावर हरणं असतात, हळू जा,"
हे ती पहिल्या वर्षीही म्हणाली होती बहुतेक.

साठ किलोमीटरवरच्या पंपावर
पोराने काचेवर टकटक केली:
काका, तुमच्या गाडीला शेपूट आहे.

नारिंगी वायर. बर्फात फरफटत आलेली,
टोकाच्या पिना वाकलेल्या.
गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवली.
परत द्यायला हवी.
गावाची मालमत्ता आहे.