जाड सूत

कातरलेली लोकर टेम्पोनं आली,
दोन पोती, तोंडं सुतळीनं शिवलेली.
बाचा निरोप एवढाच :
मेंढरं पूर्णेच्या अंगाला हायेत.

पूस लागलाय. पत्र्याखाली दव टिपकतं.
माय तुराट्यांचा जाळ लहान ठेवते.
ठिणगी उडाली की लोकर करपते,
अन् करपलेल्या लोकरीला
माणसाच्या केसांसारखा वास येतो.

पिंजायच्या आधी निवडायचं.
चार रात्री ती नुसती निवडते
आणि निघेल ते मला सांगत जाते.

गोखरू :
"नदीच्या रेतीत बसले व्हते दोन दिस."
बोंडाचं वाळकं साल :
"पऱ्हाटीत घुसली मेंढरं. शिव्या खाल्ल्या असतीन."
डांबराचा ठिपका :
"नव्या सडकेनं गेले. जुनीवर डांबर कुठचं राह्यलं?"
पांढुरकी माती ती जिभेला लावते :
"खारपाण. मंजी दर्यापूर टाकलं मांगं."

मी बारावी झाले.
माय अंगठा देते.
लोकर मात्र तीच वाचते.

व्यापारी आता घेत नाही.
फुकट ने म्हटलं तर भाडं मागतो.
शेजारच्या गोमाजी हटकरानं औंदा
सगळी लोकर खड्ड्यात पुरली, वर चुना टाकला.
मी विचारलं, मग तू कोणासाठी?
"हात रिकामे असले का थंडी बोटातून शिरते."

मांडीवर तळहात झर्रकन फिरतो,
चातीचं टोक नरोटीत गुणगुणतं,
सूत तिच्या खांद्यापर्यंत चढतं,
गुंडाळलं जातं, पुन्हा चढतं.
तुटलं तर थुंकी लावून जोडते.
जोड कुठं होता
ते सकाळी तिलाही सापडत नाही.
तळहाताच्या भेगा लोकरीच्या तेलानं काळ्याशार.

मंगळवारी बा बाजाराच्या गावी मोबाईल चार्ज करतो.
"थंडी?"
"नाई लागत."
"जेवता न?"
"हाव."
मधेच तो फोन लांब धरतो.
मला वाटायचं, रेंज शोधतोय.

दुसऱ्या पोत्याच्या तळाशी
बांडीची काळी लोकर होती.
माझ्या बोटाला टोचलं. कुसळ नव्हतं.
गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी तुकडा,
केसात गुरफटलेला.

"वाच," माय म्हणाली.
अर्धाच शब्द होता, पुढचा कातरीनं गेलेला.
तारीख होती. किंमत होती.
मी तीनदा वाचून पाहिलं
आणि तिच्याकडं बघितलं नाही.

तिनं तुकडा जाळापुढं धरला, खळगे मोजले.
सहा. सहाही फुटलेले.
"घेतल्या तं खऱ्या,"
एवढंच बोलली,
आणि तो कुंकवाच्या डबीत ठेवला.

त्या रात्री बारीक सुताच्या कुकड्या
उतरंडीमागं सरकवल्या.
नवा पेळू घेतला, जाड, करंगळीएवढा.
मांडीवरचा हात हळू झाला.
"पीळ कमी द्या लागते," ती चातीला सांगत होती की मला,
"ऊब पिळात नसते. फुगीत असते."

पुढच्या मंगळवारी तिनं गोळ्यांचं विचारलं नाही.
टेम्पो परत कधी जाते, ते विचारलं.
बानं फोन लांब धरला.
मायनं चाती हातानं थांबवली,
नरोटीचा आवाजसुद्धा नको म्हणून,
आणि कान दाबून ऐकत राहिली
लांबचं ते खोकणं,
कुत्र्यांच्या भुंकण्यात मिसळलेलं.
"बरा हाय," तो परत येऊन म्हणाला.
"आमी बी," ती म्हणाली.

एक चाती आता माझ्याकडं आहे.
माझं सूत इथं तारेसारखं,
तिथं अळीसारखं फुगलेलं.
काल मी सगळं उकलायला बसले
तर तिनं माझ्या हातातून कुकडी घेतली,
घोंगडीच्या सुतात ठेवली.
"राहू दे तसंच. बोट फिरवलं का
समजते त्याईले कोनाचं हाय."