शेऱ्याचा रकाना

लोलयेच्या सड्यावर आम्ही चुन्यानं एक गाव आखतो आहोत
तीन दिवसांपुरतं.
इथे मोठा मंच, तिथे लहान,
वाऱ्याच्या उलट अंगाला संडास,
ऐंशी माणसांमागे एक असा हिशोब;
पहिल्या रात्री तो चुकतोच,
दुसऱ्या रात्री टँकरवाला देव होतो.

प्रायोजक गाद्यांचा आहे.
त्याची माणसं म्हणाली, जागरणाला आमचं नाव द्या.
मी म्हटलं, दहाला आवाज बंद, कायदा आहे.
मग ती जास्तच खूश झाली.

जांभ्यात खुंटी जात नाही.
दोन पहारी वाकल्या. एफ्रेम कुलासो, आवाजवाला,
तंबू पाण्याच्या पिंपांना बांधू म्हणतो
आणि शिव्या पोर्तुगीजमधून घालतो.
ती भाषा त्याला तेवढीच येते.

अकराच्या उन्हात झिलू वेळीप आले,
घुमट काखोटीला, तेलकट पिशवीत.
यादीत त्यांचं पथक शनिवारी, चार दहा ते चार बावीस,
'स्थानिक रंग' या मथळ्याखाली.
यादी त्यांनी वाचली नाही.
शेताच्या बांधावरून जावं तसे
चुन्याच्या रेषेवरून चालत गेले,
मोठ्या मंचाच्या मधोमध थांबले
आणि टाच आपटली.

खालून उत्तर आलं.
उशिरा, जाड.
"हांगा पोकळ आसा," ते म्हणाले. "पाऊस आत शिरतो,
चैतातसुद्धा पोटात पाणी वाजतं."
एफ्रेम पालथा पडला, कान जमिनीला.
बराच वेळ. एकही शिवी नाही.
मग उठून, गालावरची लाल माती न पुसता,
म्हणाला, मंच चाळीस पावलं पलीकडे न्या,
नाहीतर माझा प्रत्येक ठोका हा सडा पुन्हा वाजवेल,
अर्धी मात्रा मागून.

चाळीस पावलं म्हणजे कमान सरकते,
कमान सरकली की कंपनीचं नाव
सूर्यास्ताच्या चौकटीबाहेर.
फोनवर हे मी चारदा सांगितलं, चार सुरांत.
पलीकडून आलं: सूर्य हलवता येत नाही, समजलं.
पण ते भोक बुजवता येईल का?
सिमेंट किती लागेल?

झिलूंशी मानधनाचं बोलायला जीभ उचलेना.
त्यांनीच विचारलं, किती देणार?
मी कागद पाहिला. प्रवासखर्च, शाल
आणि माणशी एक गादी, सिंगल.
ते हसले नाहीत.
"माझी जरा रुंद बघा," म्हणाले,
"बायलेची पाठ गेली कारखान्यात काजू फोडून फोडून."

रात्री नकाशा पुन्हा काढला. आवृत्ती नववी.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: जमीन पोकळ, वापरू नये.
मग 'वापरू नये' खोडलं.
लिहिलं: शनिवारी, चार दहाला,
पथक इथे उभं करावं. माईक नको.
गाद्या सात.
त्यात एक डबल.