अकरा सेकंद

अवधान एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत
सगळे सगळ्यांना नावानं हाक मारतात.
पहिल्या दिवशी मी म्हणाले, आनेके मॅडम.
हॉलंडहून ती म्हणाली, फक्त आनेके.
घरी येऊन मोरीत चूळ भरताना
दोनतीनदा म्हणून पाहिलं, आनेके, आनेके.
आईनं विचारलं, कोन शे व ती?

मंगळवारच्या कॉलवर
पंपाच्या दाबाचा आलेख होता.
निळी रेघ, तिला छेदून लाल रेघ.
हेमराज बाविस्कर सांगत होता, एसी सोळावर
आणि त्याची कॉलर भिजलेली.
मध्येच आनेके म्हणाली,
मला हे समजलं नाही. पुन्हा सांगशील?

मी हसण्याची वाट पाहिली.
पडद्याच्या कोपऱ्यात वेळ दिसते. अकरा सेकंद.
कुणी बाक वाजवला नाही.
मागून कुणी ट्यूबलाइट म्हणालं नाही.
हेमराजनं पुन्हा सांगितलं, तिनं लिहून घेतलं,
पुढचा मुद्दा.

एवढंच.

आणि मी देवपूरच्या कॉलेजात, तेवीस नंबरच्या खोलीत,
दुपारचा दीड, वर पत्रा, एम-थ्रीचा तास.
भदाणे सर फळ्याकडे तोंड करून
डाव्या हातानं पुसत, उजव्यानं लिहीत,
म्हणत, हे तर उघड आहे.
त्या उघड्यावर आम्ही सत्तर जण उभे,
आणि प्रत्येकाला वाटायचं
अंगावर कपडे नाहीत ते फक्त आपल्याच.

एकदा हात वर केला होता मी.
खांद्यापर्यंत.
मग त्याच हातानं कानामागचे केस सारखे केले.

पेपरच्या सकाळी पोटात कळ यायची.
आई ओवा द्यायची, मामा अंगारा,
डॉक्टर म्हणाले, पित्त.
अक्षरांवर आकडे चढलेले असायचे,
आकड्यांवर आणखी बारीक आकडे,
आणि मला एवढंच दिसायचं
की घड्याळाचा काटा मात्र न चुकता सोडवतोय.
तीनदा बसले. तिसऱ्यांदा चाळीस.
पांझरेच्या पुलावर गाडी लावून निकाल पाहिला
आणि आनंद होईपर्यंत थांबले.
खाली नदीत नदी नव्हती.
थोडा वेळ थांबून घरी गेले.

आता मार्च सरताना कंपनीत
तोच वक्र येतो, घंटेसारखा,
पोटात फुगलेला, दोन्ही टोकांना निमुळता.
शंभरातले दहा डाव्या टोकाला बसलेच पाहिजेत,
सगळ्यांनी जीव ओतून काम केलं तरी दहा.
गणितच तसं आहे, एचआरचा मुलगा म्हणाला,
हसून, आम्हाला नावानं हाक मारून.

यंदा डावीकडे हेमराज.
कॅन्टीनमध्ये त्यानं शेवभाजीत पोळी बुडवली
आणि तशीच धरून ठेवली,
तेल ठिबकत राहिलं ताटात.
त्याला सांगायला माझ्याकडे सूत्र नव्हतं.
मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

पुढच्या मंगळवारी मी माइक चालू केला.
आनेके, मला हे समजलं नाही. पुन्हा सांगशील?
दहा कुठून आले?
माझा आवाज मलाच दोन वेळा ऐकू आला,
एकदा खोलीत, एकदा हॉलंडहून परत.
ती म्हणाली, फार चांगला प्रश्न आहे.
खरंच चांगला, ती म्हणाली.
मग वेळ संपली.

घरी मावशीची चेतना आलीय, सेकंड इयरची.
कूलरसमोर वही, वहीवर कोपर,
तासभर एकाच पानावर.
शेवटी वहीलाच म्हणाल्यासारखं म्हणाली,
ताई, माले नही समजनं.

मी गणित पाहिलं. ओळखीचं होतं,
जसा एखादा माणूस ओळखीचा असतो
ज्याला टाळून आपण गल्ली बदलतो.

माले बी नही, मी म्हटलं.
सरक. पहिली ओळ वाच, मोठ्यानं.

कूलरमधलं पाणी संपलं होतं,
पंखा गरम हवाच ढकलत होता.
ती ओळ आम्ही चारदा वाचली.