पाचवा दिवस

दर पाचव्या दिवशी, साडेदहा-अकराला तो वरून जातो.
आम्ही मान वर करत नाही. दिसतच नाही तो.
संध्याकाळी सोसायटीच्या फोनवर उजनी येते,
तळहाताएवढी,
आणि केत्तूरच्या वळणाला
सोलापुरी चादरीवर मेथीची भाजी सांडावी
तसा डाग.

शेवाळ आहे, मी म्हणते.
पहाटे पाण्यातली हवा संपेल. पिंजरे हलवायला हवेत.

दामूअण्णा मल्लाव फोनकडे बघत नाहीत.
दोन बोटं पाण्यात बुडवून हुंगतात.
"मला कालच कळलं होतं.
तुझ्या त्याला आज."
तरी दोर सोडतात.

बारा पिंजरे, दोन होड्या, वैशाखातली बिनवाऱ्याची रात्र.
चिलापी आतून जाळीला धडका देते.
बुडालेल्या वाडीवर आलो तसे अण्णा थांबले.
"बांधा इथं. खाली आमची विहीर आहे,
गार लागतं बघ."
हात घातला. लागलं.

चित्रात विहीर नव्हती.
चित्र पाण्याच्या कातडीचं असतं.

उजाडताना मोजले, सात मेले.
पलीकडच्या काठावर
पांढरी पोटं, पार बाभळीपर्यंत.
त्यांना फोन करायचा राहिला होता.
राहिला म्हणजे,
मी केला नव्हता.

पुढचं चित्र आलं. डाग विरलेला.
आमचे पिंजरे तीन ठिपके,
मेलेली मासळी कुठंच नाही.
अण्णांनी पहिल्यांदाच फोन हातात घेतला,
उलटा धरून बराच वेळ पाहिला.
मग म्हणाले,
"त्या काठाचा नंबर लावून दे."