इची, नी, सान

"सनई नको. लग्न नाही माझं.
जपानी लावा काहीतरी,"
एवढं बोलून विश्रामकाकांनी
कढीचा भुरका मारला
आणि विषय संपवला, नेहमीसारखा.

आली का पंचाईत.
सहस्रचंद्रदर्शन, माझगावचा हॉल, दीडशे पानं.
गुरुजी ठरले, चांदीचा चंद्र आणला,
आचारी म्हणाला, माणशी मोदक दोनच,
आणि गाणी आली माझ्याकडे,
कारण बँकेतून निवृत्त झालेली मीच एक रिकामी.

नाव विश्राम,
आणि एकोणतीस वर्षं बोटीच्या पोटात
पाना घेऊन नट आवळत हिंडलेला माणूस.
शाफ्ट मोडला म्हणून एकदा
कोबेच्या गोदीत सात महिने अडकले.
परतले ते एक रेडिओ, एक छत्री
आणि नाकातल्या नाकात गुणगुणायची
एक चाल घेऊन.
कुकरची शिट्टी दुरुस्त करताना ती चाल,
दाढी करताना ती,
काकू गेली त्या संध्याकाळी
गच्चीत पाठमोरे उभे होते, तेव्हाही तीच.
शब्द तिला कधीच नव्हते.

कोबेला कुणी होती म्हणे, असं वहिनी कुजबुजायची.
आम्ही पोरांनी तिला नाव ठेवलं होतं, पंखा दिला होता,
आणि कपाटातली ती कधीच न उघडलेली छत्री
तिचीच, हे तर ठरूनच गेलेलं.

तिसऱ्या मजल्यावरची शलाका जपानी शिकते.
"सोपी आहे मावशी, क्रियापद शेवटीच, आपल्यासारखं.
आणि प्रश्नाच्या शेपटाला 'का' लागतो."
तिकडेही का?
तिकडेही का.

मग रात्री गॅलरीत, कानात वायर,
समोर गोदीच्या क्रेनचे लाल दिवे,
आणि एक म्हातारा आवाज काहीतरी सांगतोय.
मला ओ की ठो कळत नाही,
पण ओळीच्या टोकाला 'का' आला
की मी थांबते.
काय विचारलं असेल? उत्तर आलं असेल?

चंद्राची चार घेतली, प्रसंगाला धरून.
दारूचं एक. गुरुजींना कुठे कळतंय.
बंदराचं एक सुरेख होतं,
पण शलाका म्हणाली, ती धक्क्यावर उभी आहे
आणि बोट येत नाही.
काढून टाकलं. परत ठेवलं. काढलं.

शेवटी ती चालच गुणगुणून दाखवली,
शलाकानं ती फोनवर तिच्या बाईंना पाठवली.
रात्री उत्तर आलं:
हे गाणं नाही. कवायत आहे.
सकाळी भोंगा झाला की कामगारांना
रांगेत उभं करून लावायचे, तसली.
बाईंनी पियानोवर वाजवूनही पाठवली,
कोरडी ठक्क.
मी हसले. मग उगाच
त्या छत्रीसाठी वाईट वाटलं.

हॉलमध्ये सहस्र वाती लागल्या, ओवाळून झालं,
चंद्राची चारही गाणी
जिलबीच्या आग्रहात बुडाली.
आणि पियानो सुरू झाला.

काकांनी पान सरकवलं. उठले.
जरीचं उपरणं खुर्चीवर टाकलं,
दोन्ही हात वर.
इची, नी, सान...
'शी'ला पोरं फिदीफिदी हसली,
मग तीही रांगेत आली,
मग गुरुजी, सोवळं सावरत.
गो, रोकू, शिची,
हाची. हात आडवे पसरून
काका तसेच राहिले.

"इथं शिमिझू असायचा," डावीकडे बघत म्हणाले,
"हात लागायचे एकमेकांना.
हातमोज्यातूनही गार लागायचा त्याचा."
आणि अर्धं पाऊल उजवीकडे सरकले,
कुणाला तरी जागा करून द्यावी तसे.

चाल संपली. पंखे ऐकू येऊ लागले.
छत्रीचं मी विचारलं नाही.
परत लावू का,
एवढंच.