काळ्याच्या कडा

निव्वळ काळा लावू नका,
दर मंगळवारी क्लबातल्या पोरांना मीच सांगते,
निव्वळ काळा म्हणजे भोक.
अंगठ्याएवढ्या घोड्याला भोक पडलं
की बघणाऱ्याची नजर आत जाते
ती वर येतच नाही.

काळ्यात आधी चिमूटभर तपकिरी घाला, नाहीतर निळा.
अंगावर ऊन आहे की थंडी, हे ठरवल्याशिवाय
ब्रश ओला करायचा नाही.
पांढऱ्यानं उजळायला गेलात तर राख होते, राख.

आज मंगळवार नाही.
वोर्कुममधलं माझं स्वयंपाकघर,
बिस्किटांच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद,
कागदावर चार थेंब, चारही काळेच म्हणावेत असे.
बाहेर कालवा गोठू की नको करतोय.
आणि बाटलीच्या बुचावर चिकटवलेला, माझ्यासमोर,
ओब्बे.

म्हणजे मुळात तो कुणाच्या तरी पलटणीतला घोडा.
खोगीर मी कानशीनं घासून काढलं,
पुट्टी ओढून आयाळ गुडघ्यापर्यंत आणली,
मान जरा जास्तच ताठ होती, ती गरम पाण्यात वाकवली.
ओब्बे कधी कुणाच्या युद्धावर गेला नव्हता.

आमच्याकडच्या घोड्यांच्या वहीत पांढऱ्याला थारा नाही.
कपाळावर लहानशी चांदणी, तेवढी चालवून घेतात.
ओब्बेला तीही नव्हती.
पण काळाकुट्ट म्हणाल तर तोही नव्हता तो.
जुलैत पोटाकडून करपायचा, साखर करपते तसा,
थंडीत नवे केस आले की पुन्हा काळाभोर,
आणि रात्री गोठ्यात नुसता श्वास.

पहिला हात निळसर. मग कडा:
कानांची टोकं, नाकपुडीचा काठ, ढोपरं, खूर.
मग त्याहून फिकी, त्याहून बारीक रेघ.
मग आणखी एक. हात थांबेना.
दिवा जवळ होता म्हणून कळलं नाही;
हातभर लांब धरला
तर बुचावर कुणी म्हातारा करडा घोडा उभा,
कुणाचाही असेल, आमचा नाही.

पलीकडे बाबा बसलेले.
त्यांच्या नजरेच्या मधोमध आता डाग आहे,
डॉक्टर फान डेर व्हालनं कागदावर काढून दाखवला, मोठा.
ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं,
कडा तेवढ्या उरतात.

मी शाई पाण्यात सोडली, चहाइतकी पातळ,
आणि सगळं केलेलं हलक्या हातानं बुडवून टाकलं.
तासाभराचं काम दोन मिनिटांत काळोखात गेलं.
वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

"उजेड कुठून येतोय?" बाबांनी विचारलं.
दिव्याकडून, मी म्हटलं.
"तुझा नाही. त्याचा."

मग ते सांगू लागले, मी नऊ वर्षांची होते तेव्हाचं:
नोव्हेंबर, चरात घसरलेला ओब्बे,
अग्निशमनवाले, पोटाखालून घेतलेला पट्टा, दोन ट्रॅक्टर,
आणि वर आला तेव्हा अंगातून निघणारी वाफ.
"काळा कुठला, पुठ्ठ्यावर अख्खं आभाळ होतं त्याच्या.
सपाट. शिशासारखं. कडेला नाही गं,
मधोमध."

कडा सोडून मधोमध रंग ठेवायचा
हे मी पोरांना कधी शिकवणार नाही.
ब्रश भरला, शिशाचा रंग, जरासा निळा,
श्वास धरून एकच फटका पुठ्ठ्यावर ओढला
आणि पाण्याच्या भांड्यात ब्रश टाकून दिला,
नाहीतर पुन्हा सुधारायला गेले असते.

बाबांनी बूच हातात घेतलं
आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.
हल्ली ते असंच बघतात,
बघायचं ते डोळ्याच्या कोपऱ्यात आणून.
बराच वेळ.
बोट पुढे सरकलं.

हात लावू नका, मी म्हटलं, ओला आहे अजून.

"ठाऊक आहे," बाबा म्हणाले,
"दोरी मीच धरली होती."